बटाटा बियांपासून: रोपांत अंतर किती ठेवायचं, आणि लावायचं कधी?

पठारावरचा | ३ सप्टेंबर, रात्री ९:४०

मंडळी, बटाटा बेण्यापासून, म्हणजे बटाट्याचीच फोड मातीत घालून लावतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी विचारतोय बियांबद्दल. फूल गळून गेल्यावर बटाट्याला जे हिरवं, टोमॅटोच्या धाकट्या भावासारखं फळ धरतं ना, त्याच्या आतलं बी.

आमचं रान आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर. इथला बटाटा खरिपातला. जूनमध्ये लागण, ऑगस्ट-सप्टेंबरात काढणी. बेणं पंजाबातून मंचरच्या बाजारात येतं, तिथून आम्ही उचलतो. एकरी आठ-दहा क्विंटल लागतं आणि पिकाचा निम्मा खर्च त्यातच जातो. दोन वर्षांपूर्वी बांधाकडच्या दोन ओळींना फळं धरली होती. पोरानं खेळायला म्हणून खिसे भरून आणली. मी ती मऊ होईपर्यंत ठेवली, पाण्यात कुस्करून दोन दिवस आंबू दिली, बी धुऊन सावलीत वाळवलं. एका फळातलं बी मोजलं तर दीडशेच्या वर निघालं. (घरच्या मंडळींचा शेरा: "घरातला किराणा असा कधी मोजलात का?")

यंदा जूनच्या सुरुवातीला वाफ्यावर बी टाकलं, जुलैत रोपं सरीत लावली. अंतर बेण्याला ठेवतो तेच, दोन फूट बाय पाऊण फूट. पाला असा माजला की येणारा-जाणारा थांबून बघायचा. ऑगस्टअखेर करपा आला. उपटून पाहिलं तर प्रत्येक रोपाखाली पाच-सहा गाठी, त्यातली मोठी असेल ती सुपारीएवढी.

माझं अंतर चुकलं की हंगाम? बी अजून चमचाभर शिल्लक आहे. रब्बीला परत करून बघायचा विचार आहे.

चिऊचं घर | ३ सप्टेंबर, रात्री १०:०५

थांबा थांबा. बटाट्याला बी असतं?? मी सहा वर्षं गच्चीवर गोणीत बटाटे लावतेय, मला फूलसुद्धा दोनदाच दिसलंय.

खवचट | ३ सप्टेंबर, रात्री १०:११

असतं. फक्त बटाटा ते लपवून ठेवतो, नाहीतर लोक बेणं विकत घेणार नाहीत.

माणदेशी गडी | ४ सप्टेंबर, सकाळी ७:३०

दादा, रागावू नका, पण हा उद्योग कशाला? आम्ही खटाव-माणाकडं दोन्ही हंगामाला बटाटा करतो. बेण्यावर खर्च होतो, मान्य. पण लावला की तीन महिन्यांत पैसे. तुमचं बी आधी महिनाभर वाफ्यात, मग रानात, आणि वर माल एकसारखा नाही. व्यापारी पोत्यात हात घालतो आणि बारीक माल दिसला की तोंड फिरवतो. अंतराचं विचाराल तर वाढवा. जागा मिळाली की बटाटा पोसतो. माझे वडील दोन फुटाच्या खाली सरी कधी पाडू देत नव्हते.

निवृत्त बांधावरचा | ४ सप्टेंबर, सकाळी ११:१५

तीस वर्षं शेतकऱ्यांच्या बांधावर फिरण्यात गेली, त्यातली बरीचशी कांदा-बटाट्यातच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पठारावरचा, तुमचं दोन्ही चुकलं, पण हंगाम जास्त चुकला. आधी अंतराचं बघू.

बेण्याची फोड लावली की एका जागेवरून तीन-चार दांडे उठतात. आपण म्हणतो "एक झाड", पण जमिनीखाली प्रत्येक दांडा आपला वेगळा संसार मांडतो. त्याची मुळं वेगळी, बटाटे धरणारे तंतू वेगळे. बियाचं रोप म्हणजे मात्र एकच दांडा. तुम्ही ठेवलेल्या अंतरात एका चौरस मीटरला साधारण साडेसात रोपं बसतात. बेणं असतं तर तिथे पंचवीसच्या आसपास दांडे उभे राहिले असते, तुमच्याकडे साडेसातच होते. म्हणजे जमिनीला तुम्ही पाव पिकावर ठेवलंत. म्हणून बियांच्या पिकात रोपं मोजू नका, दांडे मोजा. त्यासाठी सरी दीड-पावणेदोन फुटांवर आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर, फार तर १५. पन्नास बाय दहा धरलं तर चौरस मीटरला वीस रोपं बसतात.

माणदेशी गड्याच्या वडिलांचं बरोबर होतं, पण ते बेण्यासाठी. जागा दिली की एकेक बटाटा मोठा होतो हे बियांच्या रोपालाही लागू आहे. फक्त झाडामागे वजन वाढतं तेव्हा गुंठ्यामागे घटत असतं. जवळ लावलं की उलट. नग वाढतात, एकूण वजन वाढतं, आकार लहान होतो. फार दाटी केली तर वजनही वाढायचं थांबतं, नुसती गोटी हातात येते.

आता हंगाम. बटाट्याला खाली गाठ धरायला लहान दिवस आणि गार रात्र लागते. रात्र विसाच्या खाली उतरली तर गाठी नीट धरतात. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराचा. दिवस मोठा आणि हवा उबदार असली की झाड पाला करतं, फूल करतं, बटाट्याचं काम पुढं ढकलतं. बेण्याचं झाड पोटात शिदोरी घेऊन उठतं, त्यामुळे खरिपाच्या ऐंशी-नव्वद दिवसांत ते कसंबसं उरकून घेतं. बियाला शिदोरीच नाही. एका ग्रॅममध्ये दीड हजारांच्या वर बिया मावतात, त्यात साठा कितीसा असणार? पहिला महिना ते नुसतं रोप होण्यात घालवतं. लागण झाल्यावरही शंभर-एकशेवीस दिवस मागतं. तुमच्या रोपाचं पोसायचं वय आलं आणि नेमका त्याच वेळी करपा आला.

पठारावरचा | ४ सप्टेंबर, दुपारी १:५०

सर, दांड्यांचा हिशेब डोक्यात कधी आलाच नव्हता. मग आता लगेच वाफ्यावर टाकू का? गणपतीत मजूर मोकळे आहेत.

निवृत्त बांधावरचा | ४ सप्टेंबर, दुपारी २:२०

नको. आता टाकाल तर पाऊस आणि उकाडा दोन्हींत सापडेल. बी उगवायला पंधरा ते वीस अंश चांगले. पंचविसाच्या वर उगवण घसरते, आणि जी रोपं येतात ती ओल्या वाफ्यात मानेशी कुजून आडवी होतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात टाका, गादीवाफ्यावर, वर सावलीची जाळी. लागण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याच्या मागे मात्र जाऊ नका. मागास लागण झाली की मार्चचं ऊन पोसण्याच्या दिवसांत येतं. आपला हिवाळा आखूड आहे आणि या पिकाला लांब पाहिजे, सगळी गोची तिथे आहे.

आगरतळा रिटर्न | ५ सप्टेंबर, रात्री ८:००

अरे वा, या विषयावर बोलणारं कोणी मराठीत भेटेल असं वाटलं नव्हतं!

बँकेच्या नोकरीत चार वर्षं त्रिपुरात होतो. तिथे हे प्रकरण हौसेचं नाही, चांगलं रुळलेलं आहे. आगरतळ्याजवळ नागीछेऱ्याला सरकारी बागायत संशोधन केंद्र आहे, तिथे संकरित बी तयार होतं. कर्जाच्या कागदांवर आम्ही "आलू बीज" असं लिहायचो, आणि ते बी की बेणं हे दरवेळी शेतकऱ्याला विचारून घ्यावं लागायचं.

कारण सोपं आहे. पंजाबातून बेण्याचे ट्रक त्या चिंचोळ्या वाटेनं ईशान्येला पोचेपर्यंत भाडंच इतकं होतं की विचारू नका, वाटेत सडतं ते वेगळं. हेक्टरला बेणं लागतं दोन-अडीच टन. बी लागतं शंभर-दीडशे ग्रॅम. शर्टाच्या खिशात हेक्टरभर बटाटा घेऊन जाता येतो.

आणि जमिनी लहान. तिकडचं माप कानी, एक कानी म्हणजे आपले सोळाएक गुंठे. एवढ्याशा तुकड्यात घरची माणसं बसून रोपं लावतात, मजुरीचा प्रश्न येत नाही.

अंतराबद्दल मी जे पाहिलं ते सरांच्या म्हणण्याला धरूनच आहे, पण त्यात एक गंमत आहे. पुष्कळ लोक पहिल्या वर्षी खायचा बटाटा काढायच्या फंदात पडतच नाहीत. वाफ्यावरच अगदी दाट वाढवतात, लागण करत नाहीत, मुद्दाम बारीक गोटी काढतात. ती गोटी पुढच्या वर्षी बेणं म्हणून लावतात. म्हणजे पहिल्या वर्षी दाटी, दुसऱ्या वर्षी नेहमीचं पीक.

माणदेशी गडी | ५ सप्टेंबर, रात्री ८:२५

हे पटण्यासारखं आहे. म्हणजे बियापासून बटाटा नाही काढायचा, बेणं काढायचं. मग आधीच तसं सांगा की राव! व्यापाऱ्याच्या तोंडाचा प्रश्नच मिटला.

खवचट | ५ सप्टेंबर, रात्री ८:३१

थोडक्यात, बी लावून बेणं, बेणं लावून बटाटा, बटाटा विकून बी. सरकारी फाईलसारखं झालं.

सुमनमावशी | ६ सप्टेंबर, सकाळी ६:५०

पठारावरच्या बाळा, बाकीचं तुम्ही बघा, पण ती हिरवी फळं पोराच्या खिशात होती हे वाचून काळजात चर्र झालं. विषारी असतात रे ती. हिरव्या पडलेल्या बटाट्यात असतं तेच सोलॅनिन त्यात असतं. टोमॅटोसारखी दिसतात म्हणून लेकरं तोंडात घालतात. सुनेलाही सांगून ठेव.

पठारावरचा | ६ सप्टेंबर, सकाळी ७:१५

मावशी, सांगितलंय. तेव्हाच हात धुवायला लावले होते. चावून बघितलं होतं म्हणे एक, कडू लागलं म्हणून थुंकलं. ते ऐकल्यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

पोल्डरकाठची | ६ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

नेदरलँड्समधून. इथे आमच्या गावाबाहेर भाड्याच्या छोट्या बागा असतात, त्यातली एक माझ्याकडे आहे. शेजारच्या बागेतल्या आजोबांनी मला दोन वर्षांपूर्वी बियांची पुडी दिली, म्हणून माझाही अनुभव.

आमच्याकडे हंगाम तुमच्या बरोबर उलटा. मार्चमध्ये खिडकीत बी टाकायचं आणि मेच्या मध्यापर्यंत रोपं आतच ठेवायची. इथे ११ ते १५ मेच्या दरम्यानच्या दिवसांना "बर्फसंत" म्हणतात, त्यांच्या आधी बाहेर काढलं तर एका रात्रीच्या हिवाने सगळं काळं. जूनमध्ये दिवस पावणेसतरा तासांचा. सरांच्या हिशेबाने बटाटा धरायलाच नको! पण धरतो, कारण रात्री गार असतात आणि इथली वाणं मोठ्या दिवसाला सरावलेली आहेत. ऑगस्टच्या मध्यापर्यंत मात्र माझ्या रोपांखाली काहीच नव्हतं. सप्टेंबरअखेर काढले. आजोबांनी अँडीजमधल्या एका जुन्या वाणाची रोपं लावली होती, ती ऑक्टोबरपर्यंत नुसती फुलतच राहिली. त्यांच्या मूळ गावी दिवस बारा तासांचा असतो, ती बिचारी संध्याकाळ व्हायची वाट बघत बसली.

अंतर मी २५ सेंटिमीटर ठेवलं होतं. आता कळलं काय चुकलं.

चिऊचं घर | ६ सप्टेंबर, संध्याकाळी ७:००

एक बाळबोध प्रश्न. माणदेशी गडी म्हणाले माल एकसारखा नसतो. का नसतो? टोमॅटोच्या पाकिटातलं बी लावलं की सगळे टोमॅटो सारखेच येतात की.

निवृत्त बांधावरचा | ६ सप्टेंबर, रात्री ९:१०

बाळबोध अजिबात नाही, मूळ दुखणं तेच आहे. आपल्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, लागवडीच्या बटाट्यात चार, एकूण ४८. प्रत्येक बीत त्यांची वाटणी वेगळी होते. एका फळातल्या दीडशे बिया म्हणजे दीडशे वेगळे बटाटे. कोणी गोल, कोणी लांबट, एखाद्याचे डोळे खोल, एखादा लवकर येतो, एखादा येतच नाही. बेण्यात हा प्रश्न नाही, ते त्याच झाडाचं तुकडा-तुकडा पुढं चाललेलं आयुष्य. संकरित बियांत, म्हणजे एचपीएस १/१३, टीपीएस सी-३, ९२-पीटी-२७ यांसारख्यांत, आईबाप निवडून घेतलेले असतात, त्यामुळे माल पुष्कळ जवळपास येतो. पठारावरच्यांकडे आहे ते आपोआप धरलेलं बी, त्यात जास्त उधळण दिसणार.

या उधळणीतच मजाही आहे. अमेरिकेत ल्युथर बरबँक या माणसाला एका झाडावर एकच फळ मिळालं, त्यात २३ बिया होत्या. त्यातल्या एका रोपाचा बटाटा पुढे त्याच्या नावानं ओळखला गेला, आणि आजचा फ्रेंच फ्राईजचा प्रसिद्ध रसेट बरबँक त्याच घराण्यातला.

पोल्डरकाठची | ६ सप्टेंबर, रात्री ९:४०

सर, त्या चार संचांवर इथे एक वेगळी वाट काढली आहे. चारऐवजी दोनच संच असलेला, २४ गुणसूत्रांचा बटाटा घेतात. त्याच्या शुद्ध ओळी पाडून मक्यासारखा संकर करतात, म्हणजे बी एकसारखं येतं. आजोबांची पुडी तसलीच होती.

खवचट | ६ सप्टेंबर, रात्री ९:४८

चमचाभर बीत दहा हजार जाती. पठारावरचा, नावं ठेवायला सुरुवात करा. तुमच्या पठारावरच्या कुरवंडी गावावरून "कुफ्री कुरवंडी" माझ्यातर्फे.

माणदेशी गडी | ६ सप्टेंबर, रात्री १०:००

कुफ्रीवरून आठवलं. "कुफ्री लवकर" मधलं लवकर हे आपलंच लवकर का? माझा पोरगा म्हणतो ते इंग्रजी नाव आहे.

निवृत्त बांधावरचा | ७ सप्टेंबर, सकाळी ८:०५

आपलंच. ते वाण खास दख्खनच्या पठारासाठी निवडलेलं, लवकर येणारं, म्हणून नावच मराठी ठेवलं. कुफ्री हे शिमल्याजवळचं गाव, तिथल्या वाणांच्या नावात ते पुढे लागतं. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्याला सुरू झाली, १९५६ मध्ये शिमल्याला गेली. उंचीवरच्या गार हवेत आणि उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसात बटाटा भरपूर फुलतो, म्हणून संकर करायला ती जागा सोयीची. मैदानात थंडीच्या लहान दिवसांत फूल येत नाही. तिथे बी तयार करणारे रात्री रानात मोठे दिवे लावून बटाट्याला फसवतात.

बघा, हंगामाचं कोडं इथेही तेच आहे. ज्या हवेत बी धरतं त्या हवेत बटाटा नीट धरत नाही.

सुमनमावशी | ७ सप्टेंबर, सकाळी ८:४०

गोटीला कोणी नावं ठेवू नका. कोवळी गोटी साल न काढता मिठाच्या पाण्यात उकडायची, हलक्या हाताने चेपायची, लोखंडी कढईत जास्त तेलावर खरपूस करायची. वर भाजलेल्या तिळाचं कूट, काळा मसाला आणि कोथिंबीर. भाकरीसोबत. मोठ्या बटाट्याच्या फोडींना ती चव नाही. हिरवट झालेली तेवढी काढून टाका.

खवचट | ७ सप्टेंबर, सकाळी ८:४२

मावशी, ते बेणं आहे, पुढच्या वर्षीची भांडवली गुंतवणूक! तुम्ही तीळ घालून खाताय.

पठारावरचा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:००

बऱ्याच दिवसांनी. काय काय झालं ते सांगतो.

आधी कबुली. सरांनी नको म्हटलं तरी सप्टेंबरात एक छोटा वाफा टाकलाच, राहवलं नाही. चार दिवस पावसाची झड लागली आणि आलेली रोपं मानेत मोडली. दोन-तीन दिवसांत वाफा मोकळा.

दुसरा वाफा ५ ऑक्टोबरला. निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत, चाळून. बोटानं बारीक रेघा पाडल्या, बी टाकून वर फक्त चाळलेल्या खताची धूळ. झारीनं दिवसातून तीनदा पाणी. नवव्या दिवशी उगवलं. बी दोन वर्षांचं जुनं असल्यानं काळजी होती.

निवृत्त बांधावरचा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३५

जुनं होतं म्हणूनच चांगलं उगवलं. बटाट्याचं ताजं बी पाच-सहा महिने तरी झोपलेलं असतं. घाई असेल तर १५०० पीपीएम जिब्रेलिक आम्लात दिवसभर भिजवून उठवावं लागतं. लागण कशी केलीत?

पठारावरचा | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

१२ तारखेला केली, रोपं चार-पाच पानांवर होती. सारख्या मापाचे तीन तुकडे पाडले, प्रत्येक १.८ बाय २ मीटर. पहिल्यात ६० बाय २०, बसली ३० रोपं. दुसऱ्यात ४५ बाय १०, ८० रोपं. तिसऱ्यात सरी नाहीच, आगरतळा रिटर्न म्हणाले तशी गोटीची दाटी, १० बाय १०, बसली ३६०. तिन्हींना खत सारखं, पाणी सारखं.

उरलेली पन्नासेक रोपं वाफ्यातच आहेत. डिसेंबरात लावून मागास लागणीचं काय होतं तेही बघतो.

निवृत्त बांधावरचा | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:००

शाबास. सरी पूर्व-पश्चिम आहे ना? असेल तर उरलेली रोपं वरंब्याच्या उत्तर अंगाला, बगलेत लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, कोवळ्या रोपाला वरंब्याची सावली मिळते. आणि खोल लावा. पहिल्या दोन बीजदलांचा पेर मातीत गेला पाहिजे, बटाटे धरणारे तंतू तिथूनच फुटायला लागतात. मातीची भर एकदम न देता दोनदा द्या, महिन्यानं मोठी.

माणदेशी गडी | १७ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

४५ बाय १० म्हणजे एकराला ऐंशी-नव्वद हजार रोपं. लावणार कोण? बाया सापडत नाहीत.

पठारावरचा | १७ नोव्हेंबर, दुपारी १:०५

कांद्याला कितीतरी जास्त रोपं लावतोच की आपण. त्याच बाया, तीच खुरपी. फक्त बटाट्याचं रोप नाजूक, लावल्याबरोबर पाणी आणि तिसऱ्या दिवशी आंबवणी (दुसरं हलकं पाणी) चुकवून चालत नाही. दुसऱ्या तुकड्यात नऊ नांगे (रोप मेलेल्या रिकाम्या जागा) पडले होते, काल भरले.

चिऊचं घर | २० जानेवारी, सकाळी १०:१५

काय झालं पुढे? मी गच्चीवर कुंडीत तीन रोपं लावलीत (बी कोणी दिलं ते सांगत नाही, पण टपालखात्याचे आभार).

पठारावरचा | २० जानेवारी, रात्री ८:४५

तिन्ही तुकडे हिरवे. दाटीवाल्या तुकड्यात पाल्याखाली जमीन दिसत नाही, तण नाही. पहिल्या तुकड्यात रोपांमध्ये अजून हात घालता येतो, तिथं दोनदा खुरपलं. खाली काय आहे ते उकरून बघायचा मोह होतोय, आवरला आहे.

पठारावरचा | २ मार्च, रात्री ९:२०

काढले. नोव्हेंबरच्या लागणीचे २६ फेब्रुवारीला, म्हणजे १०६ दिवसांनी. घरच्या काट्यावर वजन केलं, पोरानं वहीत लिहिलं.

पहिला तुकडा, ६० बाय २०: ३० रोपांत सहा किलोला थोडं कमी. सगळ्यात मोठा ११० ग्रॅमचा, बाजारात चालेल असा. बरेच लिंबाएवढे.
दुसरा, ४५ बाय १०: आठ किलो. अंड्याएवढा माल जास्त, मोठा जवळजवळ नाही.
तिसरा, दाटी: ३६० पैकी तीनशेच्या आसपास रोपं टिकली. नऊ किलो, पण सगळी गोटी, सुपारी ते आवळा. मोजायला बसलो, सातशेच्या पुढे सोडून दिलं.

डिसेंबरात लावलेल्या पन्नास रोपांचं काय? ती रोपं अंतर ४५ बाय १० वरच होती, माती तीच. रोपामागे निम्मंसुद्धा वजन नाही. होळीच्या आधीच ऊन तापलं आणि पाला पिवळा पडत गेला.

रंगांबद्दल मात्र सर म्हणाले तसं. एका झाडाखाली लालसर सालीचे निघाले. आमच्या रानात लाल बटाटा कधीच नव्हता.

खवचट | २ मार्च, रात्री ९:२६

कुफ्री कुरवंडी!! नोंदणी करा.

माणदेशी गडी | २ मार्च, रात्री ९:५०

खरं सांगायचं तर वाटलं त्यापेक्षा बरं आलं. पण पहिल्या तुकड्यातला माल बघून मला वाटतं बाजारासाठी अंतर जास्तच पाहिजे. वजन दोन किलो कमी, पण विकला जाईल.

निवृत्त बांधावरचा | ३ मार्च, सकाळी ७:४०

माणदेशी, खायच्या मालासाठी तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी मघाचा हट्ट थोडा सोडतो. ६० बाय १५ करून बघण्यासारखं आहे. पण पठारावरच्यांना माल नको, बेणं हवं आहे. त्यांच्यासाठी सातशे नग सहा किलोपेक्षा मोठे.

एक धोक्याचं. बियातून बहुतेक विषाणू पुढं जात नाहीत, बियाची मोठी जमेची बाजू ती. पण तुमच्या रानात माव्यानं आणलेला रोग गोटीत उतरू शकतो. वेडीवाकडी, आखडलेल्या पानांची झाडं दिसली असतील तर त्यांची गोटी वेगळी काढा.

पठारावरचा | ३ मार्च, रात्री ८:१०

दोन होती, तेव्हाच उपटून टाकली. गोटी पडवीत वाळूवर पसरली आहे, वर गोणपाट. जूनपर्यंत टिकेल का ही काळजी आहे, आमच्याकडे शीतगृह नाही आणि एप्रिल-मे पुढं उभा आहे. पाच किलो मंचरला ओळखीच्या माणसाकडं शीतगृहात टाकतोय, उरलेली घरी. एक किलो सुमनमावशींच्या पद्धतीनं संपली. तिळाचं कूट कमी पडलं.

चिऊचं घर | ३ मार्च, रात्री ८:२५

माझ्या तीन कुंड्यांतून एकूण अकरा बटाटे. सगळ्यात मोठा जायफळाएवढा. मी खूश आहे. पण मग ही गोटी खरिपात किती अंतरावर लावणार? तीपण दांडे मोजूनच?

निवृत्त बांधावरचा | ३ मार्च, रात्री ९:००

नेमका प्रश्न. आवळ्याएवढ्या गोटीला एक, फार तर दोन कोंब फुटतात. म्हणून ती मोठ्या फोडीसारखी पाऊण फुटावर लावली तर परत गेल्या जूनचीच गोष्ट. सुपारीएवढी दहा-बारा सेंटिमीटरवर, आवळ्याएवढी पंधरावर. वेगवेगळ्या सऱ्यांत लावा, मिसळू नका. आणि आगाप लावा, जूनच्या पहिल्या पावसावर.

पठारावरचा | ३ मार्च, रात्री ९:१५

ठीक. मेच्या मध्याला गोणपाट उचलून शंभर गोट्यांचे कोंब मोजतो आणि इथंच टाकतो. लाल बटाट्याची गोटी वेगळ्या डब्यात ठेवली आहे, पोरानं वर स्वतःचं नाव लिहिलंय.